कामशेत आणि मावळातील पॅराग्लायडिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरून डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागले, की पुणे जिल्ह्यातल्या मावळाच्या डोंगरधारांवर पॅराग्लायडरचे रंगीत कापडी पंख पुन्हा दिसू लागतात आणि आमच्याकडे चौकशीही सुरू होते. आम्ही या डोंगरांवर नेहमी उडणारे पायलट आहोत. नवे विद्यार्थी, हौशी पर्यटक, काळजीत पडलेले पालक आणि पायथ्याच्या गावांतील शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

पॅराग्लायडिंगसाठी कामशेतच का? सह्याद्रीत याहून उंच आणि देखणे कडे कितीतरी आहेत.

उंची आणि देखणेपणा यांपेक्षा उड्डाणाला जागेची सोय अधिक महत्त्वाची असते. कोकणकड्यासारख्या ठिकाणी खाली उतरायला सपाट, मोकळी जागा नसते. शिवाय कोकणातून वर चढणारा वारा कड्याच्या तोंडाशी इतका जोर धरतो, की पंख उघडताच पायलट मागे खेचला जाऊ शकतो. कामशेतच्या परिसरात स्थिती वेगळी आहे. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे उतरत आलेल्या डोंगरसोंडा येथे बुटक्या आणि गोलसर होतात. त्यांच्या माथ्यावर झाडे कमी आणि गवत जास्त असते, तर पायथ्याला इंद्रायणी आणि पवना यांच्या खोऱ्यांतील भाताची खाचरे पसरलेली असतात. डोंगर काही शे फुटांचेच असल्यामुळे नवख्याची चूक झाली तरी ती सुधारायला वाव राहतो.

दुसरे कारण असे, की हे डोंगर निरनिराळ्या दिशांना तोंड करून उभे आहेत. सकाळी एका दिशेचा वारा असताना एक उतार उपयोगी पडतो आणि दुपारनंतर वारा फिरला, की गाडीने थोडे अंतर जाऊन दुसरा उतार गाठता येतो. शिंदेवाडी आणि टॉवर हिल ही येथील सर्वांत परिचित ठिकाणे आहेत, तर पवना जलाशयाच्या बाजूलाही उड्डाणे होतात. पुणे–लोणावळा लोकल कामशेतला थांबते आणि जुना मुंबई–पुणे महामार्ग गावातून जातो. त्यामुळे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून येथे प्रशिक्षण शाळा रुजल्या आणि देशभरातून विद्यार्थी येऊ लागले.

हंगाम कोणता?

साधारण ऑक्टोबर ते मे हा हंगाम असतो, परंतु या आठ महिन्यांचा स्वभाव एकसारखा नसतो. ऑक्टोबरमध्ये जमीन ओली असते, हवा स्वच्छ असते आणि वारा अनेकदा इतका मंद असतो, की विद्यार्थ्यांना धावून धावून दम लागतो. डिसेंबर आणि जानेवारीत सकाळी पूर्वेकडचा वारा असतो. दुपारी तो विरतो आणि त्यानंतर पश्चिमेचा वारा हळूहळू जम बसवतो. शिकायला हेच महिने उत्तम, असे आमचे ठाम मत आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऊन तापू लागते, उष्ण हवेचे चढते झोत बळकट होतात आणि अनुभवी पायलटांना उंची मिळू लागते. मात्र एप्रिल-मेमधील दुपार नवख्यांसाठी नसते. त्या वेळी कातळ आणि नांगरलेली शेते इतकी तापतात, की जमिनीवर वावटळी उठतात आणि दुपारनंतर कोकणाकडून चढून येणारे खारे वारे पाहता पाहता वाढतात. वळवाच्या पावसाचा ढग दूर क्षितिजावर दिसत असला, तरी त्याच्यापुढे धावणारा वारा डोंगरापर्यंत आधीच पोहोचू शकतो. म्हणून मे महिन्यात शहाणा पायलट पंख उघडण्यापूर्वी चारही दिशांचे आकाश पाहून घेतो.

जून ते सप्टेंबर उड्डाणे बंद असतात. पावसात पंख भिजला, की त्याचे वजन वाढते, त्याच्या कडेवरून हवा नीट वाहत नाही आणि तो पुढे सरकण्याऐवजी नुसता खाली बसू लागतो. जमिनीपासून थोड्या उंचीवर असे घडल्यास सावरायला अवधी उरत नाही. त्याशिवाय डोंगरमाथा ढगात बुडालेला असतो आणि खाली खाचरांत लावणी झालेली असते. जुलैमध्ये उड्डाण घडवून आणतो असे कोणी सांगत असेल, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

हँग ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग आणि समुद्रकिनाऱ्यावरचे पॅरासेलिंग यांत काय फरक आहे?

पॅरासेलिंगमध्ये बोट किंवा जीप दोरीने माणसाला ओढत नेते. ओढणे थांबले, की छत्री खाली येते आणि टांगलेल्या माणसाच्या हाती फारसे काही नसते. बाकीच्या दोन प्रकारांत इंजिन नसते, दोरी नसते आणि दिशा पायलट स्वतः ठरवतो.

हँग ग्लायडरला ॲल्युमिनिअमच्या नळ्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर त्रिकोणी कापड ताणलेले असते. पायलट त्याखाली पालथा लटकतो आणि हातातल्या दांड्याच्या आधाराने स्वतःचे वजन डावीउजवीकडे, पुढेमागे सरकवून वळतो. या पंखाचे मूळ फ्रान्सिस रोगालो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी 1948 मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या लवचिक पंखात आहे. पॅराग्लायडरला सांगाडा नसतो. नायलॉनच्या दुहेरी कापडात शिवलेले कप्पे समोरून येणाऱ्या हवेने फुगतात आणि तीच हवा पंखाला आकार देते. पायलट हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांनी बांधलेल्या आसनात, बसलेला असतो आणि दोन हातांतल्या ब्रेकच्या दोऱ्या ओढून वळतो. आल्प्समधील मियुसी या फ्रेंच गावातील पॅराशूटपटूंनी 1978 मध्ये डोंगराच्या उतारावरून धावत उड्डाणे केली, तेव्हापासून हा खेळ आजच्या रूपात वाढत गेला.

हँग ग्लायडर वेगवान असतो आणि त्याच उंचीवरून अधिक दूर जातो. तरीही मावळात तो क्वचितच दिसतो, कारण घडी केल्यावरही तो कित्येक फूट लांबच राहतो. त्यासाठी टपावर सोय असलेली गाडी लागते, डोंगरमाथ्यापर्यंत रस्ता लागतो आणि उतरताना लांब सपाट मैदान लागते. पॅराग्लायडर पाठीवरच्या पिशवीत मावतो आणि लोकलने कामशेतला आणता येतो. जगभर पॅराग्लायडिंग जास्त पसरले, त्याचे मुख्य कारण हेच आहे. हँग ग्लायडिंगमधला पाखरासारखा पालथे होऊन उडण्याचा अनुभव दुसऱ्या कशात नाही, असे ज्यांनी दोन्ही केले आहे ते सांगतात. तो प्रकार आपल्याकडे पुन्हा जोमाने यावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

इंजिन नसताना माणूस तासभर हवेत कसा राहतो?

पॅराग्लायडर सतत खालीच येत असतो. शांत हवेत तो सेकंदाला सुमारे एक मीटर उतरतो आणि तेवढ्या वेळात आठ ते दहा मीटर पुढे जातो. हवेत टिकायचे असेल, तर ज्या वेगाने आपण उतरतो त्याहून अधिक वेगाने वर चढणारी हवा शोधावी लागते. ती मुख्यतः दोन ठिकाणी सापडते.

पहिली डोंगराच्या तोंडावर. सरळ येणारा वारा उताराला धडकला, की त्याला वर चढण्यावाचून मार्ग नसतो. त्या पट्ट्यात डोंगराला समांतर येरझारा घालत राहिल्यास, वारा टिकेपर्यंत उंची टिकते. संध्याकाळी शिंदेवाडीवर रांगेने फिरणारे पंख हेच करत असतात. याच वाऱ्याची दुसरी बाजू धोक्याची आहे. डोंगर ओलांडून मागे उतरणारी हवा गिरक्या घेत खाली कोसळते आणि तिच्यात सापडलेला पंख मिटू शकतो. म्हणून डोंगराच्या पाठीमागे जायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवला जातो.

दुसरी चढती हवा म्हणजे थर्मल. उन्हाने तापलेल्या कातळावरची किंवा कोरड्या शेतावरची हवा सभोवतालच्या हवेपेक्षा हलकी होते, जमिनीपासून सुटते आणि स्तंभासारखी वर जाते. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला सुमारे 10 अंश सेल्सिअसने थंड होते, आणि जोवर ती आजूबाजूच्या हवेपेक्षा उबदार असते तोवर चढत राहते. हा स्तंभ डोळ्यांना दिसत नाही. पायलटच्या मांडीवरचे व्हेरिओ नावाचे यंत्र चढताना टूं-टूं वाजते आणि चढण वाढली, की त्याचा स्वर उंचावतो. पण यंत्राच्याही आधी खबर देतात त्या घारी. पंख न हलवता गोल फिरत वर जाणारी घार दिसली, की पायलट तिच्या दिशेने वळतो. एकाच झोतात पक्षी आणि माणसे एकाच दिशेने गिरक्या घेत असल्याचे दृश्य मार्चमध्ये येथे रोजचे असते.

पहिल्यांदा टँडम उड्डाण करताना नेमके काय होते?

टँडममध्ये पाहुणा पुढे आणि पायलट मागे, एकाच मोठ्या पंखाखाली असतात. डोंगरावर पोहोचल्यावर पायलट पंख जमिनीवर पसरतो आणि दोऱ्यांत गवताची काडी किंवा गाठ अडकली नाही ना, हे पाहतो. मग पाहुण्याला हेल्मेट आणि हार्नेस चढवला जातो. या वेळी मोबाइल बाजूला ठेवून नीट लक्ष द्यावे. छातीचा पट्टा आणि दोन्ही मांड्यांचे पट्टे बंद झाले आहेत का, हे पायलट तपासतोच, पण पाहुण्यानेही स्वतः हात लावून पाहावे. मांडीचे पट्टे राहून गेले आणि पाय जमिनीवरून सुटले, तर माणूस हार्नेसमधून खाली सरकतो. जगभर या एकाच विसरभोळेपणाने अनुभवी पायलटांचेही जीव गेले आहेत.

त्यानंतर वाट पाहायची असते. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, समोरून फुगलेला आणि स्थिर आहे असे दिसल्यावर पायलट पंख उचलतो, तो डोक्यावर येऊन उभा राहतो आणि मग ‘पळा’ अशी सूचना मिळते. येथे बहुतेक जण एक चूक करतात. दोन पावले टाकून, पाय उचलून खाली बसायला पाहतात. पंखाने पूर्ण वजन उचलेपर्यंत, पायाखाली जमीन नसली तरीही, धावत राहावे. हवेत स्थिरावल्यावर पायलट सांगेल तेव्हा हार्नेसच्या आसनात मागे सरकून बसावे. उतरताना पुन्हा उभे राहण्याची सूचना मिळते आणि चारदोन पावले चालून उड्डाण संपते. शांत दिवशी हे सारे 10 ते 15 मिनिटांत आटोपते.

वजन, वय आणि प्रकृतीच्या अटी काय आहेत?

प्रत्येक पंखावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन छापलेले असते, आणि टँडममध्ये त्यात दोन माणसांचे वजन आणि सामान हे सर्व धरले जाते. म्हणून वजन विचारले असता खरे सांगावे. पाठीच्या कण्याचे दुखणे, हृदयविकार, फिट येण्याचा त्रास, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर उड्डाण टाळावे. दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून निर्णय घ्यावा आणि इनहेलर खिशात ठेवावा. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागते. घोट्याला आधार देणारे बूट घालून यावे. चपला आणि सँडल चालत नाहीत.

हे सुरक्षित आहे का? गोव्यातील अपघातानंतर घरचे परवानगी देत नाहीत.

घरच्यांची काळजी रास्त आहे आणि तिला गोड बोलून उडवून लावणे आम्हाला पटत नाही. जानेवारी 2025 मध्ये गोव्यातील पेडणे तालुक्यात केरीच्या पठारावरून झालेल्या टँडम उड्डाणात पुण्याहून गेलेली एक तरुण पर्यटक आणि तिचा पायलट, दोघांचाही मृत्यू झाला. तो व्यवसाय परवानगीविना चालत असल्याचे पोलिसांनी त्या वेळी सांगितले होते. मावळातील आम्हा सर्वांना ती बातमी फार लागली. आपल्यातलेच कोणी गेल्यासारखे ते दुःख होते.

पॅराग्लायडिंगमध्ये जोखीम असते. ती शून्य होत नाही, मात्र कमी करता येते आणि कशाने कमी होते हे ठाऊक आहे. या खेळातील अपघातांमागे अचानक फाटलेला पंख हे कारण क्वचित असते. न उडण्याजोग्या वाऱ्यात उडणे, कुवतीबाहेरचे ठिकाण निवडणे, उड्डाणापूर्वीची तपासणी राहून जाणे आणि जमिनीजवळ तीव्र वळण घेणे, ही कारणे पुन्हा पुन्हा आढळतात. म्हणजे निर्णय माणसाचा असतो. हा निर्णय बिघडतो केव्हा, तर खाली रांगेत पाहुणे उभे असतात, पैसे घेतलेले असतात, सूर्य मावळायला आलेला असतो आणि ‘आणखी एक उड्डाण होऊन जाईल’ असा मोह होतो तेव्हा. ज्या ठिकाणी पायलटला नकार देण्याची मुभा असते आणि नकार दिल्याने त्याचे त्या दिवसाचे पोट जात नाही, तेच ठिकाण निवडावे, असे आमचे सांगणे आहे.

मग चांगली संस्था कशी ओळखायची?

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणच्या साहसी उपक्रमांचा समावेश असून असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. तेव्हा पहिला प्रश्न नोंदणीचा विचारावा आणि प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर तुम्हाला घेऊन उडणारा पायलट कोण, त्याच्याकडे टँडमची पात्रता कोणत्या संघटनेची आहे, रिझर्व्ह पॅराशूट, म्हणजे संकटात उघडायची राखीव छत्री, आहे का आणि ते शेवटचे कधी उघडून नव्याने घडी घातले, हे विचारावे. रिझर्व्ह वर्षातून किमान एकदा उघडून हवेशीर ठेवून पुन्हा बांधले जाते. ज्याने हे काम केले आहे, त्याला ते केव्हा केले हे आठवते. पाहुण्याने असे प्रश्न विचारले, तर चांगल्या पायलटला रागाऐवजी बरे वाटते.

दरावरून परीक्षा करू नये. महामार्गावर गाडी अडवून स्वस्तातले उड्डाण विकणाऱ्याकडे जाण्यापेक्षा त्या दिवशी लोहगड पाहून परत यावे.

सकाळपासून डोंगरावर बसलो आणि उड्डाण झालेच नाही. पैसे भरूनही असे का?

कारण वारा विकत घेता येत नाही. टँडम पंखाचा हवेतील वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास असतो. समोरचा वारा ताशी 25 किलोमीटरच्या वर गेला आणि त्यात झोत येऊ लागले, की पुढे सरकण्यासाठी फारच थोडे हाताशी उरते, आणि डोंगरमाथ्यावर वारा पायथ्यापेक्षा नेहमीच जोराचा असतो. उलट वारा पाठीमागून येत असेल, तर तो मंद असला तरी उड्डाण करता येत नाही. तुम्हाला खाली छान झुळूक वाटत असते, तेव्हा वर पायलट विंडसॉककडे पाहत मान हलवत असतो. अशा दिवशी दुसरी तारीख किंवा पैसे परत, यांपैकी काय मिळणार हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. पण पायलटला आग्रह करू नये आणि दुसरा कोणी नेतो का, हे शोधत डोंगरभर फिरू नये.

स्वतः पायलट व्हायचे असेल, तर शिक्षणाचा क्रम काय?

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने, म्हणजे एफएआयने, पॅराग्लायडिंगच्या शिक्षणाच्या पाच पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पायरीवर छोट्या टेकाडावरून जमिनीलगत तरंगणे, दुसऱ्यावर उंचीवरून सरळ उड्डाण आणि नेमके उतरणे, तिसऱ्यावर वाऱ्याच्या धक्क्यांत पंख सावरणे, चौथ्यावर चढत्या हवेत टिकून राहणे आणि पाचव्यावर दूरचा प्रवास येतो. कामशेतमधील शाळांच्या अभ्यासक्रमांची नावे वेगवेगळी असली, तरी गाभा हाच आहे.

पहिल्या दिवशी आकाशात जायला मिळत नाही, याची अनेकांना निराशा वाटते. पहिला सगळा काळ मैदानात जातो. पंख पसरायचा, पुढचे राइझर, म्हणजे पंखाच्या दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे, हातात घ्यायचे, उचलायचा, तो डोक्यावर आला की ब्रेकने थोपवायचा, एका बाजूला कलला की त्याच बाजूला स्वतः सरकून त्याच्याखाली जायचे, पडला की गोळा करून पुन्हा पसरायचा. खांदे दुखतात, ऊन लागते, कुसळे मोज्यांत शिरतात. आमच्या मते संपूर्ण शिक्षणातील हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. पंख कोणत्या क्षणी हातातून निसटणार आहे, हे डोळ्यांनी वर न पाहता तळहातांना कळू लागते, आणि ही जाण उंचावर उपयोगी पडते. मैदानातील सरावाला कंटाळलेला विद्यार्थी डोंगरावर चाचपडतो, हे येथील प्रत्येक प्रशिक्षक सांगेल.

अभ्यासक्रम संपल्यावर लगेच एकट्याने कुठेही उडायला निघू नये. जाणत्यांच्या नजरेखाली हंगामभर उडावे आणि उड्डाणांची वही ठेवावी. पुढे परदेशी किंवा परप्रांती उडताना एफएआयच्या पद्धतीचे ओळखपत्र असल्यास तुमची पातळी तेथील लोकांना चटकन समजते.

जुना पंख स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

प्रशिक्षकाला दाखवल्याशिवाय घेऊ नये. युरोपीय मानकानुसार पंखांना ए, बी, सी, डी अशा श्रेणी दिलेल्या असतात. ए श्रेणीचा पंख चूक बराच काळ सोसतो आणि आपणहून सावरतो, तर डी श्रेणीच्या पंखाला प्रत्येक क्षणी कसबी हात लागतो. नव्या पायलटने ए, फार तर सौम्य बी श्रेणीच्या पुढे जाऊ नये. कापड उन्हाने विरते आणि त्यातून हवा झिरपू लागते, दोऱ्या वापराने आखडतात किंवा ताणल्या जातात, आणि हे वरवर पाहून कळत नाही. म्हणून तपासणीचा अहवाल मागावा. वजनाचा पल्ला आपल्याला जुळतो का, हेही पाहावे.

विम्याचे काय?

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या इजांचा खर्च वगळलेला असतो. हौशी पाहुण्याची गोष्ट वेगळी असू शकते, परंतु वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी कंपनीगणिक बदलतात. आपली पॉलिसी उड्डाणापूर्वी वाचावी आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

पोलिसांच्या आदेशांत पॅराग्लायडरवर बंदी असल्याचे वाचले. मग येथे उडणे कायदेशीर आहे का?

मुंबई पोलीस सुरक्षेच्या कारणाने वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्या उड्डाणाला मनाई करणारे आदेश काढतात. हे आदेश ठरावीक हद्दीपुरते आणि ठरावीक मुदतीपुरते असतात. महत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे, निवडणुका किंवा राष्ट्रीय सण यांच्या सुमारास इतर ठिकाणीही असे आदेश निघतात. ते निघाले, की आपल्या हद्दीला लागू आहेत का, हे स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घेणे ही पायलटची आणि संस्थेची जबाबदारी आहे.

हवाई हद्दीचाही विचार करावा लागतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे आणि मुंबई–पुणे परिसराच्या आकाशात वर्दळ मोठी असते, त्यामुळे थर्मल कितीही चांगला असला तरी उंचीची मर्यादा पाळावी लागते. पाठीवर इंजिन बांधून उडण्याचा, म्हणजे पॅरामोटरचा, विषय वेगळा आहे. त्याला बिगर-इंजिन उड्डाणाचे नियम लावून चालत नाही.

आमच्या शेतात पॅराग्लायडर उतरतात. त्यांना असा हक्क आहे का?

नाही. शेत तुमचे आहे आणि तेथे उतरणारा पायलट तुमचा पाहुणा आहे. प्रत्येक ठिकाणी ठरलेली उतरण्याची जागा असते आणि तिच्या मालकाशी शाळांनी बोलणी केलेली असतात. तरीही वारा पडला किंवा अंदाज चुकला, तर पायलटला वाटेत उतरावे लागते आणि त्याला निवड करायला काही सेकंदच मिळतात.

आम्ही नव्या पायलटांना हेच सांगतो, की मावळात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा भातकापणीचा काळ आहे. इंद्रायणी तांदूळ ही या तालुक्याची ओळख आहे आणि वर्षभराची मेहनत त्या खाचरात उभी असते. लोंब्या भरलेल्या भातात एक माणूस उतरला आणि त्याच्यामागे पंखाचे मोठे कापड पसरले, तर किती धाटे आडवी होतात, हे वरून उडताना कळत नाही. त्यामुळे उभे पीक सोडून पडीक माळ, कापलेले खाचर किंवा गायरान शोधावे, मग भले चालत यायला तास लागो. नाइलाजाने पिकात उतरलात, तर पंख ओढत नेऊ नये. जागेवरच गोळा करून खांद्यावर घ्यावा आणि बांधाच्या कडेने बाहेर पडावे. मालकाला शोधून भेटावे, झालेले नुकसान विचारावे आणि ते जागेवर भरून द्यावे. पळून जाणारा एक पायलट सगळ्यांसाठी डोंगर बंद करून जातो.

गुरांचीही काळजी घ्यावी. डोक्यावरून सरसरत गेलेल्या सावलीने म्हैस बुजते आणि दावे तोडते. गुराख्याने हात केला, तर तो दरवेळी स्वागताचाच असेल असे नाही.

डोंगरमाथ्यापर्यंत जाणाऱ्या वाटाही कोणाच्या तरी जमिनीतून किंवा वन विभागाच्या हद्दीतून जातात. तेथे शेकोटी पेटवणे, बाटल्या टाकणे आणि रात्री गाणी लावणे थांबलेच पाहिजे. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतात एका ठिणगीने लागलेला वणवा पायथ्याच्या गोठ्यांपर्यंत येतो.

पायलट झाडात अडकला किंवा पडल्याचे दिसले, तर आम्ही काय करावे?

प्रथम 108 वर रुग्णवाहिकेसाठी फोन करावा आणि जागेची खूण नेमकी सांगावी. पडलेल्या माणसाला उचलून बसवू नये, हेल्मेट ओढून काढू नये आणि पाणी पाजू नये. पाठीच्या कण्याला मार लागला असल्यास हलवण्याने कायमचे नुकसान होते. पंख वाऱ्याने फुगत असेल, तर त्याची एक कड पकडून खाली दाबावी आणि गोळा करावी, नाहीतर तो जखमी माणसाला फरफटत नेतो. झाडात अडकलेला पायलट शुद्धीवर असेल, तर त्याला तेथेच थांबायला सांगावे. उतरण्याच्या घाईत फांदी मोडून होणाऱ्या दुखापती मूळ अपघातापेक्षा मोठ्या असू शकतात. अवघड कड्यावरून सोडवायचे असेल, तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकाची मदत लागते.

विजेच्या तारेत पंख अडकला, तर कोणीही हात लावू नये. महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत सर्वांनी दूर उभे राहावे. हवेतून तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून दोन खांब दिसले, की मध्ये तारा आहेतच असे धरून चालण्याची सवय प्रत्येक पायलटने लावून घ्यावी.

कामशेतनंतर पुढे कुठे उडावे?

सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे स्वाभाविक पुढचे पाऊल आहे. तेथे उंची अधिक, कृष्णेचे खोरे खोल आणि हवा अधिक जोरकस असते, त्यामुळे स्थानिक पायलटांशी बोलल्याशिवाय पहिले उड्डाण करू नये. हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंग तर देशभरातील पायलटांचे तीर्थस्थान आहे. बिलिंगचा उड्डाणतळ सुमारे 2,400 मीटर उंचीवर आहे, मागे धौलाधारची रांग आहे आणि 2015 व 2024 मध्ये तेथे पॅराग्लायडिंग विश्वचषकाच्या स्पर्धा झाल्या. हिमाचलात 15 जुलै ते 15 सप्टेंबर या काळात उड्डाणांना बंदी असते. दिवाळीच्या आसपास मावळातील बरेच पायलट तिकडे जातात. तेथील गर्दी आणि पहाडी थर्मल यांचा अंदाज नसताना नवख्याने दूरच्या दऱ्यांत शिरणे जिवावर बेतू शकते. तेथे आधी मुख्य धारेवरच काही दिवस घालवावेत.

उडायचे नाही, फक्त पाहायला आलो तर चालेल का?

आनंदाने यावे. सायंकाळी चारनंतरचा वेळ चांगला असतो. गाडी वाटेत किंवा शेताच्या तोंडाशी लावू नये. पसरलेल्या पंखावर किंवा दोऱ्यांवर पाय देऊ नये, आणि उड्डाणासाठी सज्ज झालेल्या पायलटच्या समोर किंवा मागे उभे राहू नये. त्याच्याशी बोलायचे असेल, तर तो उतरेपर्यंत थांबावे. कुत्रा सोबत असेल, तर तो साखळीला असावा. लहान मुलांना पंखाच्या कडेपासून दूर धरून ठेवावे. फोटोसाठी ड्रोन उडवू नये. संक्रांतीच्या दिवसांत या डोंगरांवर आणि उतरण्याच्या मैदानांजवळ पतंग अजिबात उडवू नयेत, कारण मांजाने पंखाची दोरी कापली जाते, आणि तुटून झाडाझुडपांवर राहिलेला मांजा पुढे अनेक दिवस पायलटांच्या आणि घारींच्या वाटेत लोंबकळत राहतो. असा मांजा दिसला, तर तो गुंडाळून सोबत खाली आणावा.